जंतू मरावेत, दात मात्र जगावा

औषध जितके झोंबेल तितके गुणकारी, ही समजूत आपल्या घराघरांत मुरलेली आहे. गुडघा फुटून आलेल्या पोरावर स्पिरिट ओतायचे, ते किंचाळले की म्हणायचे, "लागू पडलं." दाढ ठणकली की लवंगेचे तेल, कापूर, तंबाखूची चिमूट, कुणी तर जंतुनाशकात भिजवलेला कापसाचा बोळा खड्ड्यात कोंबतो. भाजले, बधिर झाले की बरे वाटते. जंतू मेले असतील, याचा आनंद होतो. त्यांच्याबरोबर आणखी काय मेले, हे कुणी विचारत नाही. या पानावर आज तोच प्रश्न आम्ही विचारणार आहोत, आणि तो घरातल्या माणसांपुरता नाही. दवाखान्यातल्या खुर्चीपर्यंत तो न्यायचा आहे.

आम्ही परिचारिका म्हणून वॉर्डात उभ्या राहिलो तेव्हा ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर यूसॉलची बाटली असायची. ब्लीचिंग पावडर आणि बोरिक अ‍ॅसिडचे ते पाणी. एडिंबरा विद्यापीठात १९१५ साली ते तयार झाले. त्याच सुमारास पहिल्या महायुद्धातल्या जखमींसाठी डाकिन नावाच्या रसायनतज्ज्ञाने सोडियम हायपोक्लोराइटचे सुमारे अर्धा टक्का पाणी वापरात आणले. प्रतिजैविके नव्हती त्या काळात या पाण्याने अनेकांचे हातपाय वाचले, ते नाकारायचे कारण नाही. पण पुढे लक्षात आले की जखमेच्या तळाशी जे लालसर, दाणेदार नवे मांस भरून येत असते, त्यालाही हे पाणी जाळते. घाण असेपर्यंत ते उपयोगाचे, पण जखम भरू लागली की त्याचाच अडथळा. म्हणून स्वच्छ जखमेला साधे सलाइन वापरायची पद्धत आली. आमच्या पिढीने हा बदल हाताने केलेला आहे. पेशंटही नाराज व्हायचे. "सिस्टर, नुसत्या पाण्याने पुसता काय?"

दाताच्या मुळात आज जे औषध सर्वात जास्त वापरतात ते हेच सोडियम हायपोक्लोराइट. फरक इतकाच की तिथे ते अर्ध्या टक्क्याचे नसते, ३ टक्के, ५ टक्के, त्याहूनही कडक असते. म्हणजे डाकिनच्या पाण्याच्या दहापट.

आता दात म्हणजे काही दगड नव्हे. वरचे पांढरे कवच निर्जीव असते हे खरे, पण त्याच्या आत डेंटिन, आणि डेंटिनच्या आत गर असतो. त्यात रक्तवाहिन्या, नसा, नवे डेंटिन तयार करणाऱ्या पेशी, सगळे जिवंत. मुळाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून या गराला रक्त मिळते. किडीने गर पूर्ण सडला, पू झाला, की रूट कॅनॉल करतात. तिथे कडक हायपोक्लोराइटला पर्याय नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. ते जंतू मारते आणि सडलेले मांस विरघळवते, ही दोन्ही कामे एकत्र करणारे दुसरे औषध दंतवैद्यांकडे नाही. मोठ्या माणसाच्या मेलेल्या दातात जपण्यासारखे काही उरलेलेच नसते. फक्त ते मुळाच्या टोकाबाहेर जाता कामा नये. गेले तर काही क्षणांत भयंकर कळ, चेहरा सुजणे, काळानिळा पडणे. म्हणून सुई टोकाच्या अलीकडे ठेवायची, जोर न लावता सोडायचे, आणि दाताभोवती रबर डॅम नावाचा पातळ रबराचा पडदा लावायचा. तेव्हा हा लेख वाचून कुणी रूट कॅनॉल टाळू नये. आमचे म्हणणे वेगळ्या दातांबद्दल आहे.

सहाव्या वर्षी मुलाच्या दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. दुधाचा दात न पडताच येते, म्हणून आईबापांना ती दुधाचीच वाटते. "पडणारच आहे, कशाला खर्च?" असे म्हणत ती किडू दिली जाते. ती कायमची दाढ असते! आणि ती हिरडीतून वर आली तरी तिचे मूळ पूर्ण व्हायला नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत वेळ लागतो. पुढचे वरचे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात, त्यांचीही मुळे दहाव्या वर्षाच्या आसपास पूर्ण होतात. तोवर मुळाची भिंत पातळ आणि टोक नळाच्या तोंडासारखे उघडे असते. त्या उघड्या टोकाशी मूळ वाढवणाऱ्या मूळपेशी बसलेल्या असतात. या वयात दाढ किडून गर मेला, किंवा शाळेच्या मैदानात पडून पुढचा दात तुटला, तर मूळ आहे तिथेच थांबते. असा दात पुढे साध्या धक्क्यानेही मोडतो.

गेल्या पंचवीस वर्षांत या दातांसाठी नवी वाट सापडली आहे. मुळातली घाण काढायची, जंतू मारायचे, पण टोकाजवळच्या पेशी जगवायच्या. मग पुढच्या भेटीत टोकाबाहेर सुई किंचित टोचून मुळात रक्त येऊ द्यायचे, ते गोठले की वर एमटीए नावाच्या सिमेंटने झाकायचे. सगळे जमले तर मूळ जाड होते, लांबतेही. इथे औषध किती कडक, यावरच सगळा खेळ अवलंबून असतो. अमेरिकेतल्या एंडोडॉन्टिस्टांच्या संघटनेचे मार्गदर्शन असे: हायपोक्लोराइट १.५ टक्के, प्रत्येक मुळात २० मिली, ५ मिनिटे. दुसऱ्या भेटीत ते मुळीच नाही, फक्त १७ टक्के ईडीटीए. हे ईडीटीए डेंटिनमध्ये अडकलेले वाढीचे घटक मोकळे करते आणि हायपोक्लोराइटने केलेले नुकसान काही प्रमाणात भरून काढते.

क्लोरहेक्सिडीनचे तर अनेकांना आश्चर्य वाटेल. चूळ भरायच्या औषधात ते ०.२ टक्के असते, बाळंतिणीच्या वॉर्डापासून ऑपरेशन थिएटरपर्यंत आम्ही ते हाताळले आहे, "सौम्य" म्हणूनच त्याची ओळख. पण मुळात ते २ टक्के वापरतात आणि ते डेंटिनला चिकटून राहते. जंतूंसाठी हा गुण, मूळपेशींसाठी हाच अवगुण. २०११ साली टेक्सासमधल्या संशोधकांनी माणसाच्या मूळपेशी दाताच्या मुळात ठेवून वेगवेगळ्या धुण्याच्या पद्धती तपासल्या. ज्यांत २ टक्के क्लोरहेक्सिडीन होते, त्यांत जिवंत पेशी उरल्या नाहीत. तीन प्रतिजैविकांच्या लुकदीचेही तसेच. घट्ट कालवून भरली तर पेशी मरतात, म्हणून आता मिलिलिटरला १ ते ५ मिलिग्रॅम इतकी पातळ करायला सांगतात. याउलट कॅल्शियम हायड्रॉक्साइड जंतूही आवरते आणि मूळपेशींना सोसवते. हे म्हणजे पानाला लावायचा चुनाच. (म्हणून कुणी घरी दाढेत चुना भरायचा नाही. तोंड भाजते.)

प्रयोगशाळेतल्या काचेत पेशी मेल्या म्हणजे तोंडातही तितक्याच मरतील असे नाही, हा आक्षेप दंतवैद्य घेतात आणि तो रास्त आहे. तोंडात रक्त फिरते, डेंटिन औषधाची धार कमी करते. पण मूल आठ वर्षांचे आहे आणि दात त्याला साठ वर्षे वापरायचा आहे. अशा वेळी शंकेचा फायदा पेशींना मिळावा, बाटलीला नव्हे.

दुधाच्या दाढांसाठी फॉर्मोक्रेसॉल हे जुने औषध शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आले. त्यात फॉर्माल्डिहाइड असते, शवागारात प्रेत टिकवायला वापरतात तेच. गर बरा करणे हे त्याचे कामच नाही, ते गर मारून टिकवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. दाढेत लागते ते अगदी थेंबभर, त्याने मुलांना कर्करोग झाला असे आम्ही म्हणत नाही. पण गर जिवंत ठेवणारे एमटीए १९९० च्या दशकापासून उपलब्ध असताना, ते महाग म्हणून वस्तीतल्या मुलाला प्रेताचे औषध आणि पैसेवाल्याच्या मुलाला पेशी जपणारे सिमेंट, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

कारण खरा प्रश्न तिथेच आहे. आपल्या वस्तीतले मूल सरकारी दवाखान्यात जाते तेव्हा बहुतेक वेळा एकच उपाय ऐकते, "काढून टाका." काढणे फुकट असते आणि दहा मिनिटांत होते. दात वाचवायला तीन-चार खेपा लागतात, आईची तितकी रोजी बुडते. पण १.५ टक्क्याचे पाणी करायला काय लागते? ३ टक्क्याच्या बाटलीत तितकेच सलाइन. ते ५ टक्क्याच्या औषधापेक्षा महाग नाही, स्वस्तच आहे. बाटली उन्हात, उघडी पडली तर हायपोक्लोराइटचा जोर उतरतो, म्हणून तारीख लिहून, झाकून, सावलीत ठेवायची. हे काम परिचारिका आणि सहायक करू शकतात, त्याला परदेशी यंत्र लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून शाळकरी मुलांचे दात तपासायचे आहेतच. तपासून "कीड आहे" असे कार्डावर लिहिले, पुढे काय? सहा वर्षांच्या दाढेची वेगळी नोंद व्हावी, मूळ अपुरे असेल तर मुलाला दंत महाविद्यालयात पाठवावे, आणि तिथे जाण्यायेण्याचे भाडे मिळावे, ही आमची मागणी आहे.

आपणही खुर्चीशेजारी गप्प बसू नये. "डॉक्टर, याचे मूळ पूर्ण झाले आहे का? एक्स-रेत दाखवाल का? गर जिवंत ठेवता येईल का? आत कुठले औषध, किती टक्क्यांचे सोडणार?" एवढे विचारायला शिक्षण लागत नाही. चांगला डॉक्टर रागावत नाही. रागावला तरी विचारायचेच.

शेवटी घरातली आणि शाळेतली एक गोष्ट, कारण इथे डॉक्टर नाही, आपणच औषध लावतो. आमच्या एका शिबिरात एक आई तिसरीतल्या मुलाचा पडलेला दात रुमालात बांधून घेऊन आली. तिने तो जंतुनाशकाने घासून घासून पांढराशुभ्र केला होता. माउलीने जमेल ते सगळे केले होते. पण दाताच्या मुळाभोवती जो नाजूक पडदा असतो त्याच्याच जिवंत पेशी दाताला पुन्हा हाडाशी धरतात, आणि त्या घासण्याने, जंतुनाशकाने, कोरडे पडण्याने मरतात. कायमचा दात मुळासकट निघाला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा. माती लागली असेल तर दुधात किंवा सलाइनमध्ये हलकेच खळबळावा, घासू नये. जमल्यास लगेच त्याच जागी बसवून रुमाल चावून धरायला सांगावे. जमत नसेल तर दुधात बुडवून तासाच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही. शाळेच्या प्रथमोपचार पेटीच्या झाकणावर आतून हे लिहून चिकटवा. पेटीत स्पिरिटची बाटली असतेच, तिच्याशेजारी लिहा: दाताला नाही.