लांबी नव्हे, मार्ग पुरा होणे महत्त्वाचे

ट्रेन सिम्युलेटरसाठी स्वतः मार्ग बांधायचा तर तो थेट मुंबई सेंट्रल ते सुरत असा २६३ किलोमीटरचा असावा, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत पटत नाही. त्याऐवजी विरार ते डहाणू रोड हा मार्ग घ्यावा; हे अंतर सुमारे ६४ किलोमीटर आहे. सुरतेचा मार्ग त्याच्या चौपटीहून मोठा, आणि रूळ झटपट टाकता आले तरी स्थानके, सिग्नल, फाटके, वस्ती हे सारे हातानेच बसवावे लागते. असे मार्ग बहुधा अर्धवटच राहतात. विरार-डहाणूत मात्र वैतरणा खाडीवरचे पूल, काठची खारफुटी, मिठागरे, बोईसरची औद्योगिक वसाहत आणि डहाणूच्या चिकूवाड्या, एवढे वैविध्य सलग मिळते.

छोट्या मार्गावर मेल-एक्सप्रेसला वाव नाही, हा आक्षेप काही अंशी खरा आहे. ताशी १०० किलोमीटरने ही गाडी चाळीस मिनिटांच्या आतच डहाणू गाठेल. पण हीच वाट थांबत जाणाऱ्या लोकलला सव्वा-दीड तास पुरते, शिवाय डहाणूच्या ५०० मेगावॉट औष्णिक वीज केंद्राकडे जाणारी कोळशाची मालगाडी बाजूच्या रुळावर घेऊन एक्सप्रेसला वाट देणे, हा खेळ वेगळाच. दोन्ही टोकांना गाड्या उभ्या करायला लपवलेले रूळ ठेवले की सुरतेहून येणारी गाडीही वेळेवर अवतरते. आधी साल मात्र ठरवा: लोकल डहाणूपर्यंत आली ती २०१३ मध्ये, आणि चौपदरीकरणाने स्थानकांचे रूप पालटते आहे. घोलवड, बोर्डी रोड पुढे कधीही जोडता येतील.

— एक वाचक, सायवन (ता. डहाणू)