उशिराचा जमाखर्च

शनिवार, 27 मे 2023 रोजी सकाळी 'कार्निव्हल सनशाइन' हे पर्यटन जहाज अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चार्ल्सटन बंदरात लागावयाचे होते. बहामा बेटांची सहल आटोपून परतणाऱ्या या जहाजाला वादळी वाऱ्याने वाटेतच गाठले आणि बंदरात शिरणे लांबणीवर पडले. प्रवाशांनी टिपलेली त्या रात्रीची दृश्ये नंतर जगभर पाहिली गेली. दुकानांतील माल जमिनीवर विखुरलेला होता आणि कर्मचाऱ्यांच्या राहत्या मजल्यावरील मार्गिकेत पाणी शिरले होते. काहींना किरकोळ दुखापती झाल्या, कर्मचाऱ्यांच्या काही खोल्या तात्पुरत्या बंद ठेवाव्या लागल्या आणि पुढच्या सहलीच्या प्रवाशांचे जहाजावर चढणेही लांबले. बातमी दोन-चार दिवसांत विरून गेली. तथापि अशा उशिराची किंमत कोण कोणाच्या पदरात टाकतो, हे पाहण्यासारखे आहे.

उशिराच्या दिवशी या तरंगत्या शहराचे जीवन मोठे विलक्षण असते. उघड्या डेकवर जाण्यास मज्जाव होतो, पोहण्याचे तलाव रिकामे केले जातात, जिन्याच्या कठड्यांना ओकारीसाठी कागदी पिशव्या अडकवल्या जातात. ध्वनिक्षेपकावरून कप्तान अधूनमधून धीर देतो. भोजनगृहे मात्र चालूच राहतात, आणि अमेरिकेच्या बंदरात शिरताना बंद करावे लागणारे जुगारघर जहाज समुद्रातच राहिल्यामुळे आणखी काही तास उघडे ठेवता येते. निसर्गाच्या कोपातूनही गल्ला भरावा, ही या धंद्याची एक गंमतच म्हणावयाची! स्वागतकक्षापुढील रांगेत मात्र गंमत नसते. कोणाचे परतीचे विमान चुकलेले असते, कोणाची औषधे संपत आलेली असतात, कोणाची रजा सोमवारी संपणार असते. जहाजावर जेवण-खाण फुकट मिळाले तरी चुकलेल्या विमानाचे नवे तिकीट फुकट मिळत नाही. तिकिटामागे जो करार असतो, त्यात हवामानामुळे होणाऱ्या बदलाची व विलंबाची जबाबदारी कंपन्यांनी सामान्यतः अंगाबाहेर टाकलेली असते.

यापेक्षा मोठा प्रसंग ऑगस्ट 2017 मध्ये उद्भवला. 'हार्वे' वादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर आदळले आणि गॅल्व्हस्टन बंदर बंद झाले. तेथे परतावयाची चार जहाजे समुद्रातच अडकली. त्यांवरील प्रवाशांची संख्या 20,000 च्या घरात असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. अन्नपाणी भरून घेण्यासाठी काही जहाजे न्यू ऑर्लिन्सला, तर एक मायामीला वळविण्यात आली. या जहाजांवरचे लोक वस्तुतः भाग्यवान होते, कारण त्यांच्या शहरांत त्याच वेळी घरे पाण्याखाली जात होती. पण स्वतःचे घर बुडत असताना गाण्या-बजावण्यात वेळ काढणे ज्यांच्या वाट्याला आले, त्यांची अवस्था कोणत्या खात्यात मांडावयाची?

दोष कप्तानाचा नव्हे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. वादळ टाळण्यासाठी बाहेर थांबणे हेच शहाणपण. सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारातही, सुरक्षेसाठी कप्तानाने घेतलेल्या निर्णयाच्या आड मालकाने येऊ नये, असे स्पष्ट बंधन आहे. युरोपीय संघाच्या 2010 च्या नियमाने समुद्रमार्गे जाणाऱ्यांना उशिराबद्दल भाड्याचा अंश परत मिळण्याची सोय केली. पण जहाजाच्या सुरक्षिततेला धोका आणणारे हवामान हे कारण असेल, तर ती सोय लागू होत नाही. वरवर पाहता हा प्रवाशावर अन्याय वाटेल. परंतु प्रत्येक तासाच्या उशिराला दंड लावला, तर तो चुकविण्यासाठी कोणीतरी वादळात जहाज घालील, ही भीती अनाठायी नाही. मार्च 2019 मध्ये नॉर्वेच्या हुस्टाडविका या धोक्याच्या सागरपट्ट्यात 'व्हायकिंग स्काय' या जहाजाची यंत्रे भर वादळात बंद पडली. ते खडकांच्या अगदी जवळ जाऊन पोहोचले आणि 479 जणांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. वंगणतेलाची पातळी अपुरी होती, असे चौकशीत निष्पन्न झाले. पण त्याच दिवशी त्या किनाऱ्यावरील नित्याच्या प्रवासी सेवेने आपल्या फेऱ्या रद्द केल्या होत्या, हेही विसरता येत नाही.

प्रश्न आहे तो वेळापत्रकाचा. सकाळी दोन-तीन हजार माणसे उतरावयाची, दुपारी तितकीच चढावयाची आणि संध्याकाळी नांगर उचलावयाचा, या हिशेबावर हा धंदा उभा आहे. नवे मोठे जहाज 1 अब्ज डॉलरच्या पुढे जाते. कोरोनाच्या काळातील तोट्यानंतर कार्निव्हल समूहावर 2023 अखेर 30 अब्ज डॉलरहून अधिक कर्ज होते. व्याजाचा काटा वादळासाठी थांबत नाही; त्यामुळे दोन सहलींच्या मध्ये मोकळा दिवस ठेवणे कोणत्याही व्यवस्थापकाला उधळपट्टीच वाटणार. अर्थशास्त्राच्या भाषेत, राखीव वेळ न ठेवल्याने होणारी बचत कंपनीच्या खात्यावर जमा होते आणि हवामान बिघडल्यावर येणारा खर्च इतरांच्या नावे पडतो.

हे 'इतर' म्हणजे केवळ प्रवासी नव्हेत. दहा तासांत उरकावयाची साफसफाई जहाज उशिरा लागल्यावर पाच-सहा तासांत उरकावयाची असते, आणि ती करणारे हात तेच असतात, जे रात्रभर फुटलेल्या काचा वेचत व ओकाऱ्या पुसत होते. यांत भारतीयांची संख्या लक्षणीय आहे. गोव्यात ज्यांना तारवटी म्हणतात, त्यांची परंपरा जुनी आहे. मुंबईत धोबी तलावाच्या आसपास त्यांच्या गावोगावच्या 'कुडी' जहाजाची वाट पाहणाऱ्यांसाठीच उभ्या राहिल्या. आज त्यांचे नातू आगबोटीच्या भट्टीपुढे नव्हे, तर पर्यटन जहाजाच्या मुदपाकखान्यात राबतात. जहाजे नोंदलेली असतात बहामा वा पनामात, मालकी अमेरिकेत आणि कामगार मडगावचा किंवा मनिलाचा. तक्रार कोणत्या दारी न्यावी, हे ठरविण्यातच त्याची कराराची मुदत संपावी. 2006 च्या सागरी कामगार करारानुसार त्याला 24 तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात 77 तास विश्रांती मिळाली पाहिजे. भारतानेही 2015 मध्ये हा करार स्वीकारला आहे. संकटकाळी कप्तानाला ही विश्रांती स्थगित करता येते, मात्र ती नंतर भरून द्यावी लागते. हे 'नंतर' येते ते नेमके नवे प्रवासी चढण्याच्या घाईत.

कोकणच्या जुन्या आगबोटींचे वेळापत्रक या बाबतीत अधिक प्रामाणिक होते. पावसाळा आला की वाहतूक बंद! आजही गेटवे ते मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असते. या शिस्तीमागे कटू अनुभव आहे. 17 जुलै 1947 रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. बंद ठेवण्याच्या महिन्यांची किंमत उरलेल्या महिन्यांच्या भाड्यातून निघते, आणि ती सर्वांना आधीच ठाऊक असते. पर्यटन जहाजांनाही चार-पाच फेऱ्यांमागे एक मोकळा दिवस ठेवता येईल. तिकीट थोडे महागेल, हे खरे; पण तो खर्च मग छापील दरात दिसेल, आणि खालच्या मजल्यावर पाण्यात भिजलेली गादी उन्हात घालायला कर्मचाऱ्याला निदान एक दुपार मिळेल.