पापुद्रे सुटले का, ते आधी मोजा

नंदुरबार तालुक्यातील कोरीटच्या परिसरात, एकूणच तापी खोऱ्यात, काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. बेसॉल्ट झिजून झालेल्या या मातीतल्या स्मेक्टाइट खनिजांच्या थरांत पाणी शिरते, म्हणून हे घडते. मॉन्टमोरिलोनाइट याच गटातले. आपण प्लास्टिकमध्ये मिसळतो त्या नॅनोक्लेचाही स्वभाव तोच. मात्र पाण्याला वाट देणारे थर पॉलिप्रॉपिलीनला दारात उभे करत नाहीत.

या थरांतला एकेक पापुद्रा सुमारे 1 नॅनोमीटर जाडीचा. तो सुटला तर काय होते, हे जपानमधील टोयोटाच्या संशोधकांनी नायलॉन-6 मध्ये दाखवले: जेमतेम 4 ते 5 टक्के मातीने ताणबळ 69 वरून 107 मेगापास्कलवर आणि उष्णता-विरूपण तापमान 65 वरून सुमारे 150 अंशांवर गेले. पॉलिप्रॉपिलीनमध्ये मात्र मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेला कम्पॅटिबिलायझर घालूनही गठ्ठे उरतात. मिश्रण करणाऱ्या एक्सट्रूडरच्या स्क्रूचा जोर वाढवावा, तर पॉलिमरच्या साखळ्याच तुटतात.

इथे विद्युतक्षेत्र कामी येऊ शकते. दक्षिण कोरियात सोल राष्ट्रीय विद्यापीठातील गटाने 2003 पासून दाखवले, की वितळलेल्या पॉलिप्रॉपिलीनला प्रत्यावर्ती विद्युतक्षेत्र दिले तर थर सुटू लागतात. एकदिश क्षेत्रात ते क्षेत्राच्या दिशेने रांगेत लागतात. हा भेद कारखान्यात निर्णायक ठरेल. फिल्मच्या जाडीच्या दिशेने एकदिश क्षेत्र दिले, तर पापुद्रे उभे राहतील आणि वायू रोखण्याचा गुण हातचा जाईल. त्यासाठी ते आडवेच हवेत.

प्रयोगांतली तीव्रता मिलिमीटरला 1 किलोव्होल्टच्या घरातली. 1 मिलिमीटरच्या डाय-फटीत ती साधेल. 50 मिलिमीटरच्या बॅरलमध्ये 50 किलोव्होल्ट लागतील. शिवाय प्रयोगशाळेत वितळ दोन चकत्यांमध्ये थांबवून ठेवता येते, डायमधून माल काही सेकंदांत निघून जातो. खरे कोडे या वेळेचे आहे.

म्हणून उपकरण घेण्याआधी मोजणी पक्की करा. क्ष-किरण आलेखातले शिखर नाहीसे झाले, की थर सुटले असे मानणे धोक्याचे. थर नुसते विस्कटले तरी शिखर पुसले जाते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील गालगली, रमेश आणि लेले यांनी 2001 मध्ये पॉलिप्रॉपिलीन-माती मिश्रणाच्या वितळाचे प्रवाहमापन करून, आत मातीकणांचे जाळे जुळताना वितळ घनासारखे कसे वागू लागते ते दाखवले. अत्यल्प वारंवारितेला घेतलेली ही नोंद क्ष-किरणांना न दिसणारी रचना उघड करते.

आमचा आग्रह एवढाच: विजेचा प्रयोग कराल तेव्हा क्षेत्राची तीव्रता, वारंवारिता, तापमान आणि वेळ या चारही गोष्टी लिहून ठेवा, आणि तोच माल विजेविना तपासून शेजारी मांडा. अशी जोड-नोंद असेल तर फसलेली चाचणीसुद्धा पुढच्या कम्पाउंडरचा खर्च वाचवेल. अशा नोंदी आमच्याकडे पाठवा, फसलेल्याही छापू.