हिरडी कापायची म्हणतात, काय विचारावे?

"हिरडी थोडी कापावी लागेल," असे दाताचे डॉक्टर म्हणाले की आपल्या घरांत एक तर भीती पसरते, नाही तर हा पैसे काढायचा धंदा आहे असे वाटते. बंधूभगिनींनो, घाबरण्याआधी आणि रागावण्याआधी एकच प्रश्न विचारा: हे गरजेचे आहे, की केवळ दिसण्यासाठी?

दाढ हिरडीच्या रेषेत तुटली, तर कॅपला पकड मिळत नाही. कॅप तशीच हिरडीत खोल रेटली, तर हिरडी कायम लाल राहते, सुजते, रक्त येते. कारण कॅपची कड आणि हाड यांच्यामध्ये हिरडीला दाताला चिकटायला सुमारे २ मिलिमीटर जागा लागते. म्हणून जागा बधिर करून हिरडी, आणि बहुधा थोडे हाडही, कमी करतात. मूळ लांब व भक्कम असेल, तर उपटायला निघालेली दाढ अशाने वाचू शकते. मूळ आखूड असेल किंवा दात हलत असेल, तर हा खर्च वाया जातो.

फिटसाठी फेनिटॉइन किंवा रक्तदाबासाठी निफेडिपिन घेणाऱ्या काहींच्या हिरड्या वाढतात. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. ज्यांनी ती दिली, त्या डॉक्टरांना सांगावे.

हसताना हिरडी जास्त दिसते, हा मात्र आजार नव्हे. लग्न ठरवताना मुलीला त्यावरून कोणी टोचून बोलू नये. तिला स्वतःला हवे असेल, तर आधी कारण तपासून घ्यावे. जबड्याच्या ठेवणीमुळे किंवा आखूड ओठामुळे तसे दिसत असेल, तर नुसती हिरडी कापून काम होत नाही. शिवाय मूळ उघडे पडले, तर थंड पाण्यानेही कळ येते.

मिश्री, तंबाखू, विडी चालू असेल, तर जखम भरायला वेळ लागतो.

होकार देण्यापूर्वी चार गोष्टी विचारा: गरज कोणती? हाड कापणार का? कॅप किती आठवड्यांनी बसेल? कॅपसह एकूण खर्च किती? उत्तर पटले नाही, तर मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा मुंबई सेंट्रलच्या नायर दंत रुग्णालयात दुसरा सल्ला घ्या. एकदा कमी केलेले हाड परत येत नाही, आणि उपटलेली दाढही.