तोफ आपली, गोळा कुणाचा?

वडोदऱ्यात सध्या सैन्याचा विषय निघाला की गाडी थेट सी-२९५ विमानावर येऊन थांबते. साहजिकच आहे. २८ ऑक्टोबर २०२४ ला टाटा-एअरबसच्या कारखान्याचं उद्घाटन इथे झालं, स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ आले, आणि ५६ पैकी ४० विमानं आपल्या गावात बनणार हे पोराटोरांना पाठ झालं. मलाही आनंद आहे. पण सैन्याचं बळ विमानांच्या आणि तोफांच्या संख्येवर मोजायची आपली सवय फसवी आहे, असं माझं मत आहे. ती किती फसवी, हे आर्मेनियाकडे बघितलं की कळतं.

आर्मेनिया म्हणजे तीसेक लाख वस्तीचा देश. आपल्या कॉलेजात तो माहीत असलाच तर ‘जगातलं पहिलं ख्रिस्ती राष्ट्र’ म्हणून. परंपरेने साल ३०१ सांगतात. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि वाट्याला आलेलं सैन्यही सोव्हिएत घडणीचंच होतं. टी-७२ रणगाडेसुद्धा तिकडचेच. शेजारच्या अझरबैजान आणि तुर्कस्तानच्या सीमा बंद. भिस्त सगळी रशियावर. ग्युमरी शहरात रशियन फौजेचा तळच आहे. २०१९ मध्ये आर्मेनियाने रशियाकडून चार सुखोई-३० विमानं घेतली, आपल्या हवाईदलाकडे आहेत त्याच कुळातली. एवढ्याशा देशासाठी केवढा खर्च! २७ सप्टेंबर २०२० ला नागोर्नो-काराबाखसाठी युद्ध पेटलं आणि ४४ दिवस चाललं. अझरबैजानच्या तुर्की बायराक्तार आणि इस्रायली हारोप ड्रोननी रणगाडे, तोफा वरून टिपल्या. सुखोईंचा मात्र काही उपयोग झाला नाही. पुढच्या वर्षी पंतप्रधान निकोल पाशिन्यान यांनी कारण सांगितलं: विमानं आली होती, त्यांची क्षेपणास्त्रं आली नव्हती.

हे वाचलं तेव्हा मला नजरबागेतल्या सोन्याच्या तोफा आठवल्या. खंडेराव महाराजांनी चांदीच्या करवल्या, म्हणून मल्हाररावांनी सोन्याच्या. मिरवणुकीत बैल जुंपून निघायच्या. बडोद्याचे लोक अजून कौतुकाने सांगतात. पण त्याआधी कितीतरी वर्षं राज्याचं खरं संरक्षण दुसऱ्याकडे गेलं होतं, ते कुणी सांगत नाही. १८०२ मध्ये आनंदराव गायकवाड आपल्याच पगारी अरब शिबंदीच्या मुठीत सापडले. त्यांना सोडवायला कंपनीची पलटण आली आणि राहिलीच. १८०५ च्या तहाने तीन हजार पायदळाची तैनाती फौज ठरली, तिच्या खर्चासाठी धोळका, नडियाद, मातर, महुधा असे मुलूख तोडून द्यावे लागले. बाहेरच्या शत्रूपासून राज्य वाचलं, हे खरं. पण १८७५ च्या जानेवारीत इंग्रजांनी खुद्द मल्हाररावांनाच कैद केलं, तेव्हा सोन्याच्या तोफा काय करणार होत्या? ज्याची फौज, त्याचाच हुकूम.

ग्युमरीतला रशियन तळ आणि आपल्याकडचा इंग्रजांचा कॅम्प अगदी एकसारखे आहेत असं मी म्हणणार नाही. आर्मेनिया स्वतंत्र देश आहे, त्याने तो तळ स्वतः कबूल केला. पण राखणदार घरात असूनही चोर येतो, हा अनुभव त्यालाही आला. सप्टेंबर २०२३ मध्ये काराबाख पडलं. आठवडाभरात लाखभर आर्मेनियन माणसं घरदार सोडून निघाली. रशियाचे शांतिसैनिक तिथेच उभे होते.

मग आर्मेनियाने दुसरी दुकानं शोधली. एक फ्रान्स, दुसरं आपण. तोफा कुठून मारा करताहेत ते शोधणारं स्वाती रडार, मग पिनाका रॉकेट. पिनाकाचा आराखडा पुण्याच्या पाषाणमधल्या संशोधन संस्थेचा, रॉकेटं नागपूरची. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या कल्याणी समूहाने साडेपंधरा कोटी डॉलरच्या तोफांची ऑर्डर जाहीर केली. गिऱ्हाईकाचं नाव दिलं नाही. वर्तमानपत्रांनी ते आर्मेनिया असल्याचं छापलं. म्हणजे काल आपण ज्या जागी होतो तिथे आज दुसरा उभा आहे, आणि गल्ल्यावर आपण.

मंडळातल्या एका मैत्रिणीचं म्हणणं, ख्रिस्ती कॉलेजच्या अंकात शस्त्रविक्रीचं कौतुक शोभत नाही. तिचा मुद्दा मी उडवून लावत नाही. शस्त्र विकणारा हात झटकून मोकळा होऊ शकत नाही. पण त्या लाखभर माणसांना ‘तुम्ही शस्त्रं घेऊ नका’ हे सांगायचं धाडस माझ्यात तरी नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. विकायचंच असेल तर रॉकेटसोबत सुटे भाग, प्रशिक्षण आणि पुढच्या पंचवीस वर्षांची दुरुस्ती विकावी, आणि ती ऐन युद्धात अडवून धरू नये. सुखोई रिकामी पाठवणाऱ्याच्या रांगेत आपण बसू नये. निर्यातीचे आकडे टाळ्या घेतात, सुटे भाग घेत नाहीत.

हाच प्रश्न आपण आपल्यालाही विचारायला हवा. सी-२९५ ची जुळणी वडोदऱ्यात, पण इंजिन प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, जगभर विमानं अशीच बनतात. फक्त ते माहीत असावं. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते यंत्र उघडून परत जोडता येणारी माणसं तयार व्हावीत म्हणून. त्याचीच आजची इंजिनिअरिंग फॅकल्टी. तिथले माझे किती मित्र कारखान्यात नोकरी मिळावी म्हणून अर्ज भरून बसलेत! करारात विमानाच्या मोठ्या दुरुस्तीचं केंद्रही भारतात उभारायचं ठरलंय. उद्घाटनाचे व्हिडिओ मला चाळीस जणांनी पाठवले. त्या केंद्राचं काम कुठवर आलं, हे अजून एकानेही विचारलेलं नाही.