‘येत नाही’ आणि ‘करत नाही’

१८ ऑक्टोबरला संत लूकचा सण. शुभवर्तमान लिहिणारा लूक पेशाने वैद्य होता, आणि वेंगुर्ल्याचा मिशन दवाखाना त्याच्याच नावाने ओळखला जातो. या अंकात डॉक्टर-नर्स वाचकांना शुभेच्छा देऊन मोकळं व्हायचं अशी आमची रीत. यंदा ती मोडतो, कारण एका तरुण स्त्रीरोगतज्ज्ञाचं पत्र टेबलावर पडून आहे. ते लिहितात, ‘गर्भपातासाठी कोणी आलं की मी मला येत नाही म्हणून सांगतो. श्रद्धाही राहते, नियमही मोडत नाही.’

क्लृप्ती हुशारीची आहे. मेडिकल कौन्सिलची २००२ ची आचारसंहिता सांगते की वैद्यकीय गरज असेल तर केवळ धर्माच्या कारणाने नसबंदी किंवा गर्भपाताला नकार देता येत नाही. ते काम आपल्याला जमणारं नाही असं डॉक्टरला वाटत असेल, तर गोष्ट वेगळी. पत्रलेखक नेमके त्या फटीतून निसटतात. पण एमडी करताना ज्याचा क्युरेटिंगवर हात बसला, त्याने ‘येत नाही’ म्हणणं म्हणजे खोटं बोलून देव राखणं झालं.

करत नसाल तर ‘करत नाही’ म्हणा. १९७१ चा कायदा गर्भपात मान्यता असलेल्या जागीच करू देतो, आणि खासगी दवाखान्याने ती मान्यता घेतलीच पाहिजे अशी सक्ती नाही. ती घेऊ नका, आणि पहिल्याच भेटीत तसं स्पष्ट सांगा. सोबत रिपोर्ट आणि पुढची चिठ्ठी द्या. चिठ्ठी देणं हासुद्धा पापातला वाटा, असं म्हणणारे आपल्यात आहेत. मला ते पटत नाही. देवगडहून निघालेली बाई कणकवली, ओरोस, कोल्हापूर, नाहीतर बांबोळी करत फिरते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. ‘बघू, पुढच्या बुधवारी या’ म्हणत आपण तिचे आठवडे खाल्ले, तर सदसद्विवेक आपला आणि किंमत तिची. आणि रक्तस्रावाने पांढरीफटक पडलेली बाई दारात आली, तर हा सगळा वादच संपला. जीव वाचवायचा असेल तेव्हा कायदा मान्यताप्राप्त जागेची अटही धरत नाही.

हे लिहिताना मी सोवळा नाही. दवाखाना काढला त्या वर्षी नाताळच्या तोंडावर एका लॅबचा माणूस शुभेच्छापत्र देऊन गेला. आत नोटा होत्या. महिनाभर ते पाकीट खणात पडून होतं. परत पाठवायला एवढा वेळ का लागला, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. मे महिन्यात पेशंट हापूसची पेटी आणून ठेवतो, ‘घरचे आंबे हत, घेवा’ म्हणतो, ती मी घेतो. त्याच्या पोराचा ताप उतरलेला असतो, आणि पुढची कोणती तपासणी मी लिहावी हे ती पेटी ठरवत नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांनी कोकणात विंचूदंशाचे मृत्यू रोखण्यासाठी आयुष्य घातलं, त्यांनी कट प्रॅक्टिसविरुद्ध उघड आवाज उठवला. त्यासाठी त्यांना चर्चची गरज लागली नाही. आपल्यापैकी काहींना रविवारची मिस्सा असूनही ते जमत नाही.

उरला प्रश्न खाटेजवळच्या प्रार्थनेचा. जुन्या मिशन दवाखान्यांत उपचारांआधी उपदेश असायचा. मिरजेत १८९४ साली रुग्णालय उभारणाऱ्या वॉनलेसांचा, वेंगुर्ल्यात राबलेल्या गोहीनांचा हात मी मानतो, पण सलाइन लावलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, तेव्हा त्याच्यासमोर प्रवचन नको. त्याने मागितली तर प्रार्थना करावी, नाहीतर मनात.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट चार शुभवर्तमानांपैकी फक्त लूकने सांगितली आहे. वाचली की वैद्याची नजर कळते. जखमेवर तेल आणि द्राक्षारस, मग पट्टी, मग जनावरावरून धर्मशाळेत हलवणं, दोन दीनार आगाऊ, आणि जास्त खर्च झाला तर परतताना देईन असा शब्द. जखमी माणसाला तो शोमरोनी एक अक्षर शिकवत नाही.

पत्रलेखकाने ‘येथे गर्भपात केला जात नाही, कुठे होतो ते सांगितले जाईल’ अशी पाटी लावायचं ठरवलं, तर मजकूर कळवावा. पुढच्या अंकात छापू.