मुलाने शाखा बदलली म्हणून बिघडले काय?



हल्ली गट कार्यालयात उसाच्या नोंदीपेक्षा पोरांच्या शिक्षणाच्याच गोष्टी जास्त निघतात. "साहेब, पोरगं मेकॅनिकल झालं, आता म्हणतंय एम.टेक. दुसऱ्याच शाखेत करतो. चार वर्षांची उसाची बिलं पाण्यात गेली का हो?" असे विचारणारे सभासद आम्हाला दर हंगामात भेटतात. आमचे स्पष्ट मत असे, की पाण्यात काही गेलेले नाही. खोडवा मोडून हरभरा केला म्हणून रान वाया गेले असे आपण म्हणतो का? उलट पुढच्या उसाला बेवड चांगला मिळतो. पहिल्या पदवीचेही तसेच आहे.

डॉ. सतीश धवन लाहोरला मेकॅनिकल शिकले. त्याआधी गणित, पदार्थविज्ञान झाले होते, इंग्रजी साहित्यसुद्धा! पुढे अमेरिकेत जाऊन ते विमानविद्येकडे वळले, १९५१ साली कॅलटेकमधून डॉक्टरेट मिळवली आणि १९७२ पासून इस्रोची धुरा सांभाळली. लांब कशाला, आपल्याच धंद्यात बघा. कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था १९३६ सालची. तिथे मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलचे पदवीधर साखर अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदविका करतात. वाफ, उष्णता, पंप, टर्बाईन हे त्यांचे आधीच झालेले असते. रसाची निवळण कशी होते, पॅनमध्ये दाणा कसा धरतो, एवढे नवे शिकावे लागते.

मात्र बेवड कशाचा आहे ते बघूनच पुढचे पीक धरावे. सिव्हिलचा मुलगा जलसंधारणाकडे गेला तर निम्मी वाट ओळखीची. तोच कॉम्प्युटरकडे गेला तर डेटा स्ट्रक्चर, अल्गोरिदम पार मुळापासून आले. गेट परीक्षेला पदवी एका शाखेची नि पेपर दुसऱ्या शाखेचा असे चालते. २०२१ पासून ठरावीक जोड्यांत दोन पेपरही देता येतात. पण गुण मिळाले म्हणजे प्रवेश मिळाला असे नव्हे. कोणत्या पदवीचा मुलगा घ्यायचा हे त्या त्या संस्थेचा विभाग ठरवतो. पोरे अडकतात ती इथेच, आणि मग आईबाप सोसायटीचे कर्ज काढून मिळेल तिथली जागा धरतात.

शेजाऱ्याचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरवर लागला म्हणून आपल्यालाही ढकलायचे, हे आम्हाला पटत नाही. आणि मुलीने शाखा बदलतो म्हटले की लगेच स्थळे बघायला लागायचे, हे तर मुळीच नाही.

आधी दोन्ही शाखांचे अभ्यासक्रम छापून आणा, मुलाला शेजारी बसवा. नव्या शाखेला लागणारे जे विषय जुन्या कागदावर नाहीत, त्यांना लाल खूण करायला सांगा. दोन-चार खुणा निघाल्या तर खुशाल जाऊ द्या. निम्मा कागद लाल झाला, तर वर्षभर ते विषय वाचू दे. गेटचे गुण तीन वर्षे चालतात. फी भरायची ती नंतर.